काळजाचा मान

बदलापूरजवळच्या चामटोलीच्या कोंडाजीबाबाला कुणी वय विचारलं तर तो आकडा सांगत नाही. लेंगा गुडघ्यापर्यंत वर ओढतो आणि पोटरी पुढं करतो.

"दाब," म्हणतो.

समोरच्यानं दाबली की लगेच, "काय लागलं? लाकूड लागलं ना? मग कशाला वय इचारतंस?"

वय बहात्तर. अंबरनाथला कारखान्यात एकतीस वर्षं भट्टीवर काढली, जाणं-येणं सायकलनं. रिटायर झाल्यावर सायकल नातेवाइकाला दिली, कारण काय, तर बसून चालवायचा कंटाळा आला. आता चालतो. बाजाराला कुळगावात जायचं तर चालत. फाटकापाशी रिक्षा तुंबल्या की त्यांच्या मधून काठी फिरवत निघून जातो आणि आतल्या माणसांना ओरडून सांगतो, "बसा बसा, मी पुढं जाऊन तुमची जागा धरतो!"

या पोटऱ्यांचं गुपित त्यानं कधी लपवलं नाही. रिक्षा स्टँडवर, लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, जो ऐकेल त्याला तो सांगत आला: रानातलं मटण.

"मी रानडुकराचं मटान खाल्लेला माणूस हाय. तुमी पोल्ट्रीतली पोरं. जो जीव धावतो, त्याच्या मटनात रस. जो बांधून ठेवलाय, त्याच्या मटनात नुसतं वजन."

रानमटण आता कुठं मिळतं? मिळत नाही, बंदी आहे, आणि तेच तर कोंडाजीबाबाच्या गोष्टीचं बळ होतं. खरं-खोटं कोण तपासणार?

तपासायची पाळी त्याच्या घरातच आली. नात तेजल उल्हासनगरला कॉलेजात आहार-पोषणाचा कोर्स करते. जानेवारीत मॅडमनी प्रोजेक्ट दिलं. कुठल्या तरी परदेशी पुस्तकातून उचललेला विषय: शिकारीचं मटण आणि लिव्हर पाटे, यांच्या पोषणमूल्यांची तुलना.

"आज्या, तू शिकारीचं मटण खाल्लंयस ना?" ओट्यावर वही घेऊन बसत तेजलनं विचारलं.

कोंडाजीबाबानं आधी टोपी सरळ केली. "पन्नास वर्सं सांगतोय. आज कॉलेजाला कळलं."

"आणि पाटे म्हणजे कलेजी. शिजवायची, लोणी घालून गुळगुळीत वाटायची आणि पावाला लावून खायची."

"कशाला वाटायची? सायबाला दात नव्हते काय?"

आतून विठाआजी, म्हणजे कोंडाजीबाबाची बायको, म्हणाली, "तुमच्याबी वरच्या बाजूला चारच राहिलेत. पोटरी दाखवता, तोंड नाय दाखवत."

"तू गप. मी कॉलेजाशी बोलतोय."

हे असं हसत-खिदळत चाललं होतं, आणि त्याच आठवड्यात शीला कंपनीच्या जिन्यात बसली. पडली नाही, बसली; ती स्वतः तसंच सांगते. शीला म्हणजे सून, तेजलची आई. मोरिवलीला पॅकिंगच्या लाइनवर बारा वर्षं. सकाळी पावणेसहाला घरातला पहिला दरवाजा तीच उघडते, पाळी सातची. नवरा महेश शाळेची बस चालवतो, तो उठतो तेव्हा हिनं दोन डबे भरून, अंगण झाडून, कंपनीची गाडी पकडलेली असते.

बदलापुरातल्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली, रक्त तपासलं आणि चष्म्यावरून शीलाकडं बघितलं.

"दोन वर्षं इतकं अंगावरून जातंय आणि तुम्ही आज येताय?"

"सुट्टी नव्हती मॅडम."

"गर्भाशयात गाठ आहे, काढावी लागेल. पण हिमोग्लोबिन साडेसात आहे. एवढ्यावर मी ऑपरेशनला हात लावणार नाही. रक्तस्राव कमी करायच्या गोळ्या देते, लोहाच्या गोळ्या देते. नीट खा. सहा आठवड्यांनी दहाच्या वर घेऊन या. नाही चढलं तर बाहेरून रक्त चढवायचं बघू, पण ते मला नकोय, आणि तुम्हालाही नको असेल."

घरी आल्यावर कोंडाजीबाबानं रक्ताच्या रिपोर्टचा कागद उलटा-सुलटा बघितला. सून या घरात आली तेव्हा तेजलएवढी होती. त्याला सख्खी लेक नाही. "साडेसात म्हंजे किती कमी?" त्यानं तेजलला विचारलं.

"बारा हवं आज्या."

म्हाताऱ्यानं कागदाची घडी केली. मग उठला. "गोळ्यांनी काय व्हतंय. तिला रानाचं मटान पायजे. आठ दिवसात तुरतुर पळंल."

"तक्ता बघ आधी," तेजलनं वही पुढं केली. "चरबी बघायची तर तुझं रान जिंकतं. हरीण, ससा, रानडुक्कर, फिरतं जनावर म्हणून चरबी कमी, आणि प्रोटीन भरपूर. पाटेत लोणी पडतं म्हणून तिथं तो मार खातो. पण आईला काय हवंय? लोह. शंभर ग्रॅम हरणाच्या मटणात तीन-साडेतीन मिलिग्रॅम. कलेजीत त्याच्या दुप्पट. शिवाय रक्त बनायला लागतं ते बी-ट्वेल्व्ह, फॉलिक, ते तर कलेजीत ठासून."

"तुझ्या तक्त्यानं कंदी डुकरामागं धाव घेतलीय काय?"

"तक्ता धावत नाही आज्या."

"तेच तर म्हंतोय! जो धावत नाय, त्याच्यात रस नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी काठी घेऊन तो बाहेर पडला. कुठं जातोय ते सांगितलं नाही, पण विठाआजीला पाठमोऱ्या चालीवरून कळलं. "सोमाकडं निघालेत," ती म्हणाली. "शिकारीचं भूत शिरलं की ह्यांची मान अशी पुढं निघते, कासवावानी."

सोमा म्हणजे कोंडाजीबाबाचा बाळमित्र. दोघं एका वयाचे. शिमग्याला गाव पारधीला निघायचं तेव्हा ही दोन पोरं हाक्यात असायची: डबे वाजवत, ओरडत जाळीतून जनावर उठवायचं काम. आता सोमा चंदेरी किल्ल्याच्या पायथ्याशी वनखात्याच्या रोपवाटिकेत रोजंदारीवर राखण करतो. खाकी स्वेटर मिळालंय, ते तो उन्हातही काढत नाही.

कोंडाजीबाबा पोचला तेव्हा सोमा पाइपनं रोपांना पाणी घालत होता.

"सोम्या, एक काम हाय."

"पाण्यात पाय देऊ नको, चिखल व्हईल. बोल."

"ससा तरी बघ. डुक्कर नको म्हन पायजे तर. सुनेला रक्त नाय. साडेसातच हाय."

सोमानं पाइप खाली टाकला. आजूबाजूला बघितलं. मग स्वतःच्या छातीवरच्या बिल्ल्यावर बोट ठेवलं. "हे काय हाय?"

"बिल्ला."

"कुनाचा?"

"फारेष्टाचा."

"आनि तू बिल्ल्याला सांगतोस ससा मार म्हनून! कोंड्या, तुला आत टाकतील, मग ती सून साडेसात रक्तावर तुला डबा घेऊन जेलात यील. आनि मना टाकतील तुझ्या शेजारी. तुझं घोरनं ऐकत मरायचं व्हय मी?"

"पन सोम्या, पोरीला दुसरं काय चालनार? आपन खाल्लंय म्हनून उभे हाय. ह्या पोटऱ्या कशाच्या? मटनाच्या!"

सोमा आंब्याच्या रोपाशेजारी उकिडवा बसला आणि हसायला लागला. आवाज न करता हसला, नुसते खांदे हलत होते. कोंडाजीबाबाला वाटलं ठसका लागला.

"तू मटान कंदी खाल्लंस रे?"

"म्हंजे?"

"डुक्कर कोन उठवायचा?"

"मी!" कोंडाजीबाबाची छाती फुगली. "पाच शिमगे. पाची शिमगे मीच पुढं व्हतो. तू मागं असायचास, काटा लागला म्हनून रडत."

"लागायचाच काटा. मग जो पुढं जाऊन उठवतो, त्याचा मान काय?"

कोंडाजीबाबानं काठी या हातातून त्या हातात घेतली.

"काळीज, म्हंजे कलेजी," सोमानं स्वतःच उत्तर दिलं. "तिथंच निखाऱ्यावर भाजायचं. त्यानं एकट्यानं खायाचं. घरी न्यायाचं नाय, कुनाला वाटायचं नाय. आनि ज्यानं काळीज घेतलं त्याचा मटनाच्या वाट्यावर हक्क नाय. गावाचा नियम. तू तोंडाला राख लावून बसायचास, आमी लाळ गाळत बघायचो."

"पन घरी वाटा यायचा की!"

"यायचा. चाळीस घरांत एक डुक्कर. पानभर यायचं. तुमच्या घरात नऊ तोंडं. दुसऱ्या दिशी गुरं राखायला आलास की मी इचारायचो, काय रे, किती खाल्लंस? तू काय म्हनायचास? आठव."

कोंडाजीबाबाला आठवलं. इतकं लख्ख आठवलं की कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"रस्साच मिळाला," तो हळूच म्हणाला.

"'सोम्या, रस्साच मिळाला.' पाची वर्सं! मग कायदा आला, पारध बंद, तू भट्टीवर लागलास. मेल्या, आयुष्यात तू रानमटनाचे पाच तुकडे खाल्लेस का नाय, मना शंका हाय. आनि बदलापूरभर पोटऱ्या दाखवत फिरतोस!"

परतताना कोंडाजीबाबा रस्त्याच्या कडेनं चालला. कुणी हाक मारली तरी थांबला नाही. एका पोरानं सवयीनं ओरडून विचारलं, "बाबा, काय खाता हो?" तर त्यानं लेंगा आणखी खाली ओढला.

गावाकडं वळायच्या ऐवजी तो कुळगावात गेला. बबनच्या मटणाच्या दुकानासमोर दोन वेळा येरझारा घातल्या, तेव्हा बबननंच हटकलं.

"बाबा, रस्ता चुकलात का?"

"कलेजी दे. पाव किलो."

बबनचा सुरा थांबला. "कुणाला? बांधलेल्या बकऱ्याची कलेजी म्हणजे ओला खडू, असं तुम्हीच म्हणाला होता. ह्याच ठिकाणी. गिऱ्हाइकांसमोर."

"म्हनलो असंल. बकरा धावायचा का तुझा?"

"दावणीला असायचा."

"ठीक हाय. दे तरी."

घरी पिशवी ठेवली तेव्हा विठाआजीनं आत डोकावून बघितलं, नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं, आणि पन्नास वर्षांच्या संसारात शिकलेली गोष्ट केली: काही विचारलं नाही.

त्या दिवशी कलेजी नेहमीसारखी कांद्यावर परतली. आणि नेहमीसारखंच झालं. शीला वाढायला बसली. दोन तुकडे महेशच्या ताटात, दोन तेजलच्या, तीन बाबांच्या, विठाआजीला मऊ म्हणून दोन. स्वतःच्या ताटात भात आणि कढईला लागलेला मसाला. वर चहाचा कप, त्याच घोटाबरोबर लोहाची गोळी.

तेजल ओरडली, "आई! चहाबरोबर गोळी? चहा ते लोह अंगात जाऊच देत नाही. आणि कलेजी कुठंय तुझी?"

"मी खाल्ली गं करताना."

"खोटं!"

"मला नाही एवढी आवडत." शीला हसली. बायका हे वाक्य जिथं शिकतात ती शाळा कुठं असते कोण जाणे, पण सगळ्या पहिल्या नंबरानं पास होतात.

कोंडाजीबाबाच्या हातातला तुकडा हातातच राहिला. वीस वर्षं दर रविवारी मटणातली कलेजी त्याच्या ताटात आली होती. कुणी वाढली हे माहीत होतं. कुणाला नाही मिळाली हे त्यानं कधी मोजलं नव्हतं.

तेजलनं मग वेगळा उपाय काढला. "तुकडा ह्या ताटातून त्या ताटात जातो. चटणी पावाला चिकटते. आपण तो पाटेच करू. पाव मी उल्हासनगरहून आणते, कॉलेजजवळच्या बेकरीतून. आईच्या डब्यात द्यायचा."

दुसऱ्या दिवशी पुन्हा बबनकडं फेरी झाली. लसूण, मिरी, आलं, थोडं लोणी. कलेजी मंद आचेवर पूर्ण शिजवली. मिक्सर होता, पण कोंडाजीबाबा म्हणाला, "पाटा काढा." आणि स्वतः वरवंटा धरून बसला. विठाआजीनं शेजारणीला कुंपणावरून बोलावून दाखवलं, "बघ गो, बघ. लगीन झाल्यापास्नं पयल्यांदा." चटणी लोण्यासारखी झाली. वर लिंबू पिळलं. तेजलनं बोटानं चाटली आणि म्हणाली, "आज्या, मॅडमना द्यायला हवी." पुढच्या पहाटे शीला डबा घेऊन गेली.

संध्याकाळी डबा चाटूनपुसून परत आला. म्हातारा खूश.

"संपवलीस ना पोरी?"

"हो बाबा. एवढी आवडली सगळ्यांना! अंजनी म्हणाली, रेसिपी दे."

"सगळ्यांना?"

"लाइनवर आम्ही सहाजणी एकत्र बसतो ना. एक-एक पाव घेतला सगळ्यांनी."

"आनि तू?"

शीला चप्पल ठेवायच्या निमित्तानं खाली वाकली. "मला पुरलं."

कोंडाजीबाबा ओट्यावर बसला. टोपी काढून मांडीवर ठेवली. टोपी काढून तो फक्त देवासमोर आणि मयताला बसतो, म्हणून महेश टीव्ही बंद करून बाहेर आला, विठाआजी पदराला हात पुसत आली.

"शीले, बस समोर. मना एक सांगायचंय. तेजे, तूबी लिहून घे, कॉलेजाला खोटं नको जायला." त्यानं घसा साफ केला. "मी रानमटान खाल्लेलं नाय."

महेश म्हणाला, "काय बाबा?"

"नाय म्हंजे नाय. रस्सा खाल्लाय. मी खाल्लं ते काळीज." आणि मग त्यानं पारधीचा सगळा नियम सांगितला. निखारे, राख, लाळ गाळणारा सोमा, नऊ तोंडांत आलेलं पानभर मटण. काही चोरलं नाही. सांगून झाल्यावर विठाआजी एवढंच म्हणाली, "मंग ती पोटरी?"

"तूच बनवलीस. नाचनीची भाकर, सुकट आनि शेवग्याचा पाला घालून. मी नाव डुकराचं घेत व्हतो."

विठाआजी लाजली. बहात्तराव्या वर्षी नवऱ्यानं सर्वांदेखत असं काही बोलल्यावर काय करायचं हे तिला सुचेना, ती उगीच लोटा उचलून आत गेली आणि तसाच परत घेऊन आली.

"आता नियम ऐक," कोंडाजीबाबा शीलाला म्हणाला. "जो सगळ्यात पुढं जातो, काळीज त्याचं. ह्या घरातनं पयलं बाहेर कोन पडतंय? पावणेसहाला दार कोन उघडतंय?"

शीला पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

"बोल की. महेश? हा तर उठवला तर उठतो."

"मी," शीला म्हणाली.

"मंग काळीज तुझं. आनि त्ये वाटायचं नसतं. पुढच्यानं काळीज वाटलं तर जनावर गावावर रुसतं, पुढल्या साली उठत नाय. माझा बाप सांगायचा. मी पाच वर्सं सोम्याच्या तोंडाकडं बघत एकट्यानं खाल्लंय. सोपं नसतं पोरी. पन नियम म्हंजे नियम."

"बाबा, पण अंजनीला सांगू काय? ती डब्यात हात घालते."

"तिला सांग, माझा सासरा खुळा हाय, त्यानं शपथ घातलीय."

"ते तिला माहीत आहे," शीला म्हणाली, आणि मग सगळे हसले, पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तिनं ते पदरानं टिपलंही नाही.

आठवड्यातून दोनदा चटणी, तीही थोडीच. जास्त नको हे तेजलनं तक्त्यात लाल शाईनं लिहिलं होतं: कलेजीत ए जीवनसत्त्व फार, रोज खायची चीज नव्हे, आणि पोटुशी बाईनं तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नाहीच. बाकीचे दिवस मोड आलेली मटकी, पालेभाजी, वर लिंबू. गोळी पाण्याबरोबर, आणि चहा जेवणानंतर तासानं. चहाची राखण कोंडाजीबाबाकडं आली. शीला जेवून उठली की तो भिंतीवरच्या घड्याळाखाली खुर्ची टाकून बसायचा.

"बाबा, झाला तास."

"अठ्ठावन्न मिन्टं झाली."

"एक घोट?"

"सोम्या इतका रडायचा नाय."

सहा आठवड्यांनी, शिमगा चार दिवसांवर असताना, रिपोर्ट आला. लॅबमध्ये तेजल आणि आजा दोघं गेले. तेजलनं पाकीट उघडायच्या आधीच म्हाताऱ्यानं काउंटरवरच्या मुलीला विचारलं, "किती?"

"दहा पॉइंट तीन."

"पॉइंट राहू दे. दहा हाय ना?"

"दहाच्या वर आहे, आजोबा."

त्यानं तिथंच, लॅबच्या बाकावर बसलेल्या अनोळखी माणसासमोर पाय पुढं केला. "दाब," म्हणाला. त्या बिचाऱ्यानं दाबली. "काय लागलं? नाचनी लागली. आनि माझी सून दहाच्या वर गेली." एवढं सांगून तो निघाला.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. प्रोजेक्टला तेजलला दहापैकी आठ मिळाले. दोन मार्क गेले, कारण संदर्भांच्या यादीत तिनं शेवटी 'कोंडाजी, चामटोली, आणि सोमा, रोपवाटिका' असं लिहिलं होतं. पण मॅडमनी समासात विचारलं होतं, काळजाच्या नियमाबद्दल आणखी माहिती मिळेल का.

शीला घरी आल्यानंतरच्या रविवारी मटण केलं. डॉक्टरीणबाईंनी हलकं खायला परवानगी दिली होती. शीला कॉटवर उशीला टेकून बसलेली, त्यामुळं वाढायला विठाआजी. तिनं पातेल्यातली कलेजी शोधून-शोधून वेचली, सगळी एका वाटीत घातली आणि वाटी शीलाच्या हातात दिली.

शीलानं वाटीकडं बघितलं. मग सवयीनं तिचा हात सासऱ्याच्या ताटाकडं निघाला.

"अं अं!" कोंडाजीबाबानं ताट पाठीमागं लपवलं. रस्सा सांडला, लेंग्यावर ओघळला. "नियम!"

तिनं हात मागं घेतला. पहिला तुकडा तोंडात घातला. सगळे आपापल्या ताटात बघत असल्याचं सोंग करत होते आणि तिच्याकडं बघत होते. तिनं दुसरा घेतला.

"चांगली झालीय," ती म्हणाली. "मला आवडते कलेजी."

कोंडाजीबाबानं महेशच्या खिशातला फोन ओढला आणि सोमाला लावायला सांगितलं. रोपवाटिकेत रेंज धड नसते, म्हणून तो नेहमीपेक्षाही मोठ्यानं ओरडला. पलीकडच्या आळीलाही ऐकू गेलं.

"सोम्या! ऐकतोयस ना? रस्साच मिळाला!"